इस्त्रीभाऊचं हसू

दाजींचं प्रेत घरात असताना इस्त्रीभाऊ पिऊन आला आणि प्रेताच्या तोंडाकडे बघून खदाखदा हसला, ही बातमी आमच्या गल्लीत दाजी गेल्याच्या बातमीच्याही आधी पोचली. काही जणांना तर त्या हसण्यामुळेच कळलं की दाजी गेले.

बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना रिकाम्या हाताने जात नाही. किराणावाल्याच्या दुकानात ती पोचली तेव्हा इस्त्रीभाऊच्या खिशात बाटली होती. शिंपीणबाईंकडे आली तेव्हा त्याने प्रेतावरची चादर ओढली होती. आणि नळावरच्या बायकांपर्यंत गेली तेव्हा तो टाळ्या वाजवून हसत होता. बातमीला तिखट-मीठ लावण्यात मी काही मागे राहणारा माणूस नाही, पण टाळ्या माझ्या नव्हत्या, एवढं सांगून ठेवतो.

खोट्यात एक दाणा खऱ्याचा असला की त्या खोट्याला पाय फुटतात. त्या दिवशी दाजींच्या घरी बाहेरच्या खोलीत हसण्याचा आवाज आला होता, आणि तो इस्त्रीभाऊच्याच तोंडून आला होता. तिथे बसलेल्या प्रत्येकाने तो ऐकला. मीही ऐकला. म्हणून ही कंडी कुणाला पुसता आली नाही.

आता हा इस्त्रीभाऊ कोण, ते ऐका. आई गेली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईने, त्याला वाढवला. तिचं लग्न झालं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, येईन तर दोघं येऊ. दाजी हो म्हणाले. पुढे जन्मभर ते सांगायचे, "सासऱ्याकडून भांडी कमी मिळाली, मेहुणा मात्र अख्खा मिळाला." आणि स्वतःच्या ताटातला मोठा वाटा त्याच्याकडे सरकवायचे. दाजी टॉर्चचे सेल बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते. मेहुणा मोठा झाल्यावर त्यांनीच त्याला तिथे चिकटवला.

पहिल्या दिवशी पोरगा पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट कागदात गुंडाळून आला. गेटवाल्याने विचारलं, "काय रे, लग्नाला निघालास?"

"काम संपल्यावर घालायचाय."

"कुठल्या खात्यात?"

"मिक्सिंग."

गेटवाला इतका हसला की त्याच्या बिडीची राख त्याच्याच शर्टावर पडली. कारण मिक्सिंग म्हणजे काळी खोली. तिथून उंदीर बाहेर आला तरी ओळखू येत नसे. पण संध्याकाळी हा पोरगा नखं घासून, केस धुऊन, तो शर्ट घालून गेटमधून बाहेर पडला आणि त्या दिवसापासून त्याचं नाव इस्त्री पडलं. वय वाढलं तसा पुढे भाऊ लागला.

सेलच्या पोटात जो काळा गाभा असतो तो मँगनीज डायऑक्साइडचा. एवढ्या लांब नावाने त्याला आमच्याकडे कुणी हाक मारत नसे, काळी पूड म्हटलं की झालं. पोती फोडायची, पूड ड्रममध्ये ओतायची, त्यात काजळी आणि नवसागर घालून घुसळायचं, हे मिक्सिंगचं काम. मी पॅकिंगला होतो. सेल कोट-टोपी घालून तयार झाला की मग आमच्याकडे यायचा. त्यामुळे काळ्या खोलीत आम्ही फक्त डोकवायचो आणि शिंकत परत यायचो.

शेजारच्या खात्यात ॲसिड होतं. तिथे माणसं नव्या सुनेसारखी जपून वागत, कारण ॲसिड चुकीची शिक्षा जागच्या जागी देतं. काळी पूड तशी नव्हती. तिला वास नाही, ती झोंबत नाही, डोळ्यांतून पाणी काढत नाही. जी वस्तू चावत नाही तिला माणूस घरची समजतो. तोंडावर बांधायला कापडाची पट्टी मिळे. ती घामाने ओली व्हायची, पुडीने जड व्हायची, मग तोंडावरून गळ्यात उतरायची आणि ताईत बांधल्यासारखी दिवसभर तिथेच लोंबायची.

आता जी गोष्ट सांगतो ती फक्त काळ्या खोलीतलीच माणसं करू जाणोत. भिंतीवर हवेची एक नळी होती. यंत्राच्या सांध्यात बसलेली पूड जोराच्या हवेने उडवायला ती दिलेली. इस्त्रीभाऊच्या स्वच्छ डोक्यात आलं की यंत्र साफ होतं तर माणूस का नाही? झालं. काम सुटायच्या वेळेला सगळे दाराजवळ रांगेत उभे राहायचे आणि हा एकेकाला हवेची आंघोळ घालायचा.

"हात वर. मान खाली. पाठ दाखव."

"कानामागे मार रे, बायको तिथेच बघते," ढोल्या म्हणायचा. ढोल्या म्हणजे पोती उचलणारा, नावाप्रमाणेच होता.

"तुझ्या कानापर्यंत पोचायला तिला वेळ कुठला? पोटाला वळसा घालता घालता तिची संध्याकाळ होते."

रांग हसायची आणि हसताना तोंड उघडं असायचं. माणसं स्वच्छ होऊन बाहेर पडायची. पण त्यांच्या अंगावरून निघालेली पूड जाणार कुठे? खोली बुटकी, भिंतीतला पंखा तिच्याच पुडीने जाम झालेला. तो काळा धूर इस्त्रीभाऊच्याच भोवती उभा राहायचा. सगळे गेले की त्या धुरात उभा राहून तो नळी स्वतःवर धरायचा, पायापासून डोक्यापर्यंत. मग साबणाची आंघोळ, मग इस्त्रीचा शर्ट.

गल्लीतल्या बायका त्याला दुवा द्यायच्या. पूर्वी नवऱ्याचे कपडे भिजवले की बादलीत शाई व्हायची, आता तसं होत नव्हतं. ढोल्याची बायको तर म्हणायची, "माझ्या नवऱ्याला आंघोळीची सवय मी नाही लावू शकले, तुम्ही लावलीत."

कारखान्यात एक सेफ्टीवाला होता. डोक्यावर टोपी, हातात शिट्टी, आणि ऐकणारं कुणी नाही. त्याने ही आंघोळ पाहिली आणि त्याचा चेहराच पडला.

"बंद करा हे. पूड कपड्यावर आहे तोवर ती कपड्याची. उडवलीत की छातीची."

इस्त्रीभाऊने नळी खाली केली आणि शांतपणे विचारलं, "मग घरी नेऊ का साहेब? घरच्या बायकांच्या छातीला चालते?"

सेफ्टीवाल्याला उत्तर माहीत होतं. "घरी न्यायचीच नाही. कामाचे कपडे इथे सोडायचे, ते कारखान्याने धुवायचे. पूड ओढून घेणारं यंत्र हवं, उडवणारं नको. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि ही पट्टी नको, तोंडावर घट्ट बसणारा, गाळणी लावलेला मास्क हवा."

"हवा हवा म्हणता साहेब," ढोल्या मागून म्हणाला, "आमच्याकडे हवा आहे ती या नळीतच."

सगळे हसले. सेफ्टीवाल्याने नळीचं तोंड काढून खिशात घातलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी फिटिंगमधून दुसरं तोंड आलं. सेफ्टीवाला वर जाऊन मागण्या करायचा, वरून उत्तर यायचं, "पाहू." आमच्या कारखान्यात माणसं मरत, पण ‘पाहू’ या शब्दाला मरण नव्हतं. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबर होती, आणि पूड मधून चालली होती.

काही वर्षं गेली. इस्त्रीभाऊचं लग्न झालं, घर वेगळं झालं, पण ताईच्या घरी एक चक्कर चुकायची नाही. मग हळूहळू माणूस बदलायला लागला. आधी झोप उडाली. मग उगाच चिडणं सुरू झालं, ज्याने कधी कुत्र्याला हाड म्हटलं नाही तो बायकोवर भांडं आपटायला लागला. मग तेही थांबलं आणि चेहरा सपाट झाला. विनोद सांगा, शिवी द्या, चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. आवाज एकसुरी आणि बारीक. पगाराच्या वेळची सही तर मुंगी चालून गेल्यासारखी. आणि चाल... टाच टेकायचीच नाही. चवड्यांवर, कोपर वाकवून, कोंबडा उकिरड्यावर चालतो तसा.

"लागली की काय?" किराणावाल्याने मला विचारलं.

"कुणाला?"

"तुमच्या इस्त्रीला. सकाळी सकाळी झोकांड्या खात होता."

इस्त्रीभाऊने आयुष्यात चहापेक्षा कडक काही घेतलं नव्हतं. पण झोकांडी दिसली की लोक बाटली शोधतात, मेंदू कोण शोधतो? वहिनी, म्हणजे त्याची बायको, आधी भांडायची. मग मात्र तो घरी आला की त्याच्या तोंडाजवळ वाकून गुपचूप वास घ्यायला लागली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. "वास यायचा नाही हो. पण वास येत नाही म्हणून मी आणखी घाबरायचे. म्हटलं, लपवतात कसं?"

शर्टाला चुण्या पडल्या. एकदा पाठीवर इस्त्रीचा तपकिरी डाग घेऊन तो कामावर आला, आणि कुणी त्याची थट्टाही केली नाही. आणि हसणं सुरू झालं. चांभार आपली सायकल चोरीला गेल्याचं रडगाणं सांगत होता, हा समोर बसून खुदुखुदू हसायला लागला. चांभाराने चहा तिथेच टाकला आणि पुन्हा त्याच्याशी बोलला नाही.

अशात दाजी गेले. हृदय बंद पडलं, जेवता जेवता.

ताईच्या बाहेरच्या खोलीत खाट, खाटेवर दाजी, पायांशी ताई. भिंतीला लागून आम्ही पुरुष बाकावर, आत स्वयंपाकघराच्या दाराशी बायका. इस्त्रीभाऊ चवड्यांवर चालत आत आला, बाकाला धडकला, तोल सावरला आणि खाटेपाशी उभा राहिला. त्याने दाजींच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा खालचा ओठ थरथरला. मला वाटलं, आता फुटणार. आणि तो फुटलाच, पण हसू. आधी बारीक, मग मोठं, मग थांबेना. खांदे उडत होते, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि डोळ्यांतून पाण्याची धार चालली होती. ते पाणी मी पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं असणार. पण हसता हसता डोळ्यांत पाणी येतंच, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते पाणी हसण्याच्या खात्यात टाकलं.

ताई उठली. आवाज न चढवता म्हणाली, "बाहेर जा."

तो मागे सरकायला गेला. पण त्या माणसाला मागे चालताच येत नव्हतं. तो सरळ पाठीवर पडला, पडूनही हसत राहिला. दोघांनी बगलेत हात घालून त्याला बाहेर नेलं.

"यांनी तुला पोटच्या पोरासारखं सांभाळलं," ताई दारातून म्हणाली, "आणि तू पिऊन आलास. माझ्या घराची पायरी पुन्हा चढू नकोस."

त्यानंतर इस्त्रीभाऊला जगात एकच काम उरलं. ताईला सांगायचं, की मी हसलो नाही. घाईही होती, कारण आवाज रोज थोडा थोडा आत बुडत चालला होता. आज जे शब्द बायकोला कळत ते महिन्याभराने तिलाही कळणार नव्हते. तो भिंतीला धरून ताईच्या दाराशी जायचा. ताईने दार उघडलं, की तिला बघून गळा दाटून यायचा, आणि गळा दाटला की तेच सुरू व्हायचं. हसू. दार लागायचं. बाजूच्या घरातल्या पोरांना तर तो खेळच झाला होता.

मग वहिनी एकटी गेली. ताई खिडकीतून बोलली.

"ताई, ते पीत नाहीत. त्यांना काहीतरी झालंय."

"काय झालंय?"

"ते कळत नाही."

"मला कळतं. माझाही बाप प्यायचा. आईसुद्धा हेच सांगायची, काहीतरी झालंय." आणि ताईने खिडकी लावली.

इथे ताईला बोल लावणं सोपं आहे. पण ज्या बाईने बापाच्या झोकांड्या बघत लहानपण काढलं तिला झोकांडीचा दुसरा अर्थ कोण शिकवणार होतं? गल्लीतल्या डॉक्टरनेही तेच केलं. टॉनिक दिलं आणि म्हणाला, "बाटली सोड, आपोआप बरा होशील."

वहिनी चिवट. ती त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघायच्या आधी विचारलं, "काम काय करता?" आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं. वहिनीने सगळं सांगितलं. काळी पूड, पोती, हवेची आंघोळ. आंघोळीचं सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"उलटं चालून दाखवा."

तो पडला, वहिनीने मागून धरलं.

"हे दारूचं नाही," त्या म्हणाल्या. "ती पूड मँगनीजची, श्वासातून आत जाते, रक्तातून मेंदूत पोचते. मेंदूचा जो भाग हालचाल सांभाळतो तिथे बसते. आजपासून त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"आणि हसणं?"

"हसणं, रडणं, त्याचा लगाम सुटलाय. आत एक असतं, बाहेर दुसरं निघतं."

"औषध?"

डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं, पण त्याने फार फरक पडेल असं काही त्या बोलल्या नाहीत. लवकर आला असता तर पुढचं थांबलं असतं, एवढंच म्हणाल्या. लवकर म्हणजे कधी, हे वहिनीने विचारलं नाही. तिच्या लेखी लवकर म्हणजे ते दिवस, जेव्हा ती त्याच्या तोंडाचा वास घेत होती.

तिथून ती सरळ ताईकडे गेली. तिने सांगितलं, मँगनीज. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हसण्याचा आजार असतो होय? तुमचे दाजी सगळा जन्म त्याच कारखान्यात होते, त्यांना नाही झाला." दाजी फिटिंगला होते. काळी खोली त्यांच्यापासून अख्खं अंगण दूर होती. पण हे समजावायला वहिनीला खिडकी उघडी मिळाली नाही.

ताईचे डोळे उघडले ते ढोल्यामुळे. ढोल्या तिच्याच रांगेत राहायचा, आणि गल्लीतला सगळ्यात सज्जन, न पिणारा, बायकोच्या धाकातला नवरा म्हणून प्रसिद्ध होता. एक दिवस ताई भाजी घेऊन येत होती आणि तिने समोरून ढोल्याला येताना पाहिलं. एवढा अगडबंब माणूस, चवड्यांवर, कोपर वाकवून, टाच न टेकता. तोंड सपाट. ताईने विचारलं, "काय हो, बरं नाही का?" त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हसायला लागला. मागे त्याची बायको होती. ती रडत होती.

ताईने भाजीची पिशवी ओट्यावर तशीच ठेवली आणि ती भावाच्या घरी आली.

मी तिथेच होतो, आलो होतो औषध पोचवायला. इस्त्रीभाऊ खुर्चीत, उशीला टेकवून बसवलेला. ताई समोर बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नाही, पाटी पुसल्यासारखं.

"अजून रागावलायस का रे?" ताई म्हणाली.

"राग नाही ताई," वहिनी म्हणाली. "चेहराच हलत नाही त्यांचा."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

वहिनी फडक्याने त्याची हनुवटी पुसत होती. ती पुसतच राहिली. "मी आले होते, ताई. तुम्ही खिडकी लावलीत."

त्याने ओठ हलवले. घशातून आवाज आला, पण शब्द नव्हता. ताई पुढे वाकली, म्हणाली, पुन्हा सांग. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान हलवली, तिलाही कळलं नव्हतं. आम्ही तिघं त्या तोंडाकडे बघत बसलो, आणि ते काय म्हणतंय ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

ताई पुढे रोज यायची. त्याला भरवायची, बोलायची, दाजींच्या गोष्टी सांगायची. त्याला ती आली हे कळायचं का, तिने मनातून किल्मिष काढलं हे कळायचं का, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही. ते विचारायची वेळ होती तेव्हा तिचं दार बंद होतं, आणि दार उघडलं तेव्हा विचारून उपयोग नव्हता. तो गेला त्या दिवशी ती खूप रडली.

ढोल्या घरी बसल्यावर कारखान्यात पूड ओढून घेणारं यंत्र आलं, कामाचे कपडे तिथेच धुतले जाऊ लागले. सेफ्टीवाला तोवर नोकरी सोडून गेला होता. ढोल्या त्या खोलीतून सुटला तो लवकर की उशिरा, ते ठरवणारे डॉक्टर ठरवोत, पण तो अजून काठी टेकत नळापर्यंत जातो.

आणि गल्ली? गल्लीत अजूनही नवा भाडेकरू आला की त्याला सांगतात, इथे एक जण होता, बहिणीच्या नवऱ्याच्या मयताला पिऊन आला आणि हसला.

तो प्यायलेला नव्हता. दाजींवर त्याचा राग नव्हता. मँगनीजच्या पुडीने त्याच्या मेंदूला इजा केली होती, आणि तोंडाचे स्नायू त्याच्या ताब्यात नव्हते. त्या दिवशी तो रडत होता.